रोटेटर कफ (खांद्याच्या स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा) झिजल्याने खांद्याचा सांधा घासला आहे. शस्त्रक्रिया करावी का?

प्रश्न (सत्तरी)
माझ्या वडिलांचे वय ७२ असून त्यांचे सारे आयुष्य कुळागरात सुपारी उतरवण्यात गेले. दोन वर्षे उजवा खांदा दुखतो, रात्री त्या कुशीवर झोप लागत नाही, आणि आता घास तोंडापर्यंत नेताना ते डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार देतात. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी रोटेटर कफ झिजल्यामुळे सांधाही घासल्याचे सांगितले. गावात मात्र याला फ्रोझन शोल्डर (आखडलेला खांदा) म्हणतात आणि तेल लावून हात ओढायला सांगतात.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, फोंडा)
कोपराला दिलेला आधार तुम्ही टिपलात, ते फार बरे झाले. फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने उचलला तरी हात अडतो. कफ तुटला असेल तर दुसऱ्याने उचलल्यास तो बराच वर जातो, फक्त स्वतःहून जात नाही. (झीज फार वाढली की हा फरक पुसट होतो.) कफ म्हणजे चार स्नायूंच्या कंडरा, आणि दंडाच्या हाडाचा गोळा उथळ वाटीत मधोमध दाबून धरणे हे त्यांचे काम. त्या तुटल्या की बाहेरचा डेल्टॉइड स्नायू हात उचलू लागताच गोळा वर सरकतो आणि खांद्याच्या छताच्या हाडाला घासतो. हात ओढणे कृपया आजच थांबवा.

उत्तर (मडगाव)
माझ्या आईने शस्त्रक्रियेआधी व्यायाम करून पाहिला: उताणे झोपून दुसऱ्या हाताच्या आधाराने हात छताकडे न्यायचा, जमू लागले की आधार सोडायचा, मग पाठीखाली उशा वाढवत जायचे. तिला आजही वेणी घालता येत नाही, पण रात्रीची झोप परत आली आणि तेवढ्यावर ती समाधानी आहे.

उत्तर (अस्थिरोगतज्ज्ञ, म्हापसा)
निर्णय एक्स-रेवर नव्हे, तर वेदना आणि रोजच्या अडचणीवर घ्यावा. व्यायामाने भागले नाही तर उलटा सांधा बसवतात, ज्यात गोळा वाटीच्या जागी आणि वाटी दंडाच्या हाडावर येते. फ्रान्सच्या पॉल ग्रामों यांनी १९८५ मध्ये आणलेल्या या रचनेमुळे कफ नसतानाही डेल्टॉइड हात उचलू शकतो. म्हणून डेल्टॉइड आणि त्याची नस शाबूत हवी. जंतुसंसर्ग आणि सांधा निखळणे हे धोके आहेत, आणि स्टिरॉइडच्या इंजेक्शनने संसर्गाचा धोका वाढू शकतो, तेव्हा ते घेतले असल्यास आवर्जून सांगा. दुसरे मत बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात घेता येईल.

प्रश्नकर्ता
आज वडिलांना उताणे झोपवून हात उचलून पाहिला. मी धरला तेव्हा तो कानापर्यंत गेला. नंतर त्यांना बसवून तसाच उचलला आणि सोडला, तर धपकन मांडीवर पडला. तेल बंद केले आहे आणि सोमवारी बांबोळीला जात आहोत.