मिसळ संपली की उठूच, पण शेवटच्या घासाआधी का?

शनवारातली

परवा इथे 'भुकेला वाकडकर' यांनी लिहिलं होतं की रविवारी सकाळी मिसळीच्या दुकानाबाहेर पाऊण तास ताटकळावं लागतं ते खाऊन झाल्यावरही जागचे न हलणाऱ्या लोकांमुळे. त्यांची सूचना अशी की मालकाने टेबलामागे पंचवीस मिनिटं ठरवून द्यावीत आणि मग खुशाल उठवावं. खाली बऱ्याच जणांनी 'अगदी बरोबर' म्हटलंय. ते वाचून माझा इतका संताप झाला की छोटं उत्तर लिहून भागणार नाही.

माझे बाबा ७८ वर्षांचे आहेत. कवळी आहे. ब्रेडचा तुकडा रश्श्यात बुडवून तो मऊ होईपर्यंत थांबतात, मग तोंडात घालतात. वर्षानुवर्षं रविवारी मिसळ खाणारा माणूस. गेल्या महिन्यात पेठेतल्याच एका नावाजलेल्या ठिकाणी गेलो. बसल्यापासून दहाव्या मिनिटाला दोन तरुण बाबांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. एकाचा हात खुर्चीच्या पाठीवर. बाबांच्या वाटीत अर्धी मिसळ आणि हातात अर्धा स्लाइस असताना पोऱ्या आला आणि समोरून ओला फडका फिरवून गेला. गल्ल्यावरून आवाज आला, "दोन नंबर होतंय का बघ रे." बाबांनी हातातला तुकडा ताटलीत ठेवला आणि म्हणाले, "चल, उठू आपण."

त्यानंतर तीन रविवार झाले, ते यायलाच तयार नाहीत. "घरीच कर काहीतरी" म्हणतात. माझ्या मटकीला ती चव येत नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

पुण्यात मिसळीला गर्दी काल सुरू झालेली नाही. नारायण पेठेत, रविवार पेठेत, टिळक रस्त्यावर लोक कित्येक दशकं रांगा लावतायत. अनोळखी माणसासमोर बसून, कोपराला कोपर लावून खाल्लंय आम्ही. पण रांग पायरीवर असायची. मालक आतून हाक मारायचा, मग आत जायचं. खाणाऱ्याच्या डोक्यावर कोणी उभं राहत नसे. जेवत्या माणसाला उठवू नये, हे आमच्या घरात मुलांना अक्षरओळखीच्या आधी शिकवलं जायचं. ते पंचवीस मिनिटांच्या हिशेबात बसत नाही.

भुकेला वाकडकर

तुमच्या बाबांच्या बाबतीत जे झालं ते चूकच. त्याबद्दल वाद नाही.

पण आता माझंही ऐका. माझ्या आईला मधुमेह आहे. आम्ही सकाळी आठला वाकडहून निघतो, वहीत नाव लिहितो आणि पायरीवर थांबतो. त्या रविवारी पंचावन्न मिनिटं थांबलो. आईचे हात थरथरायला लागले, शेवटी पिशवीतलं बिस्कीट दिलं. काचेतून आत दिसत होतं. सहा जण, तीन मिसळी, ताटल्या कधीच रिकाम्या. एकजण सहलीचे फोटो दाखवतोय, बाकीचे टाळ्या देतायत. मी आत जाऊन हात जोडून म्हटलं, "आई बाहेर उभी आहे हो." त्यातला एक म्हणाला, "काका, आम्हीपण पैसे दिलेत."

मी त्यांच्याबद्दल लिहिलं होतं. जेवत्या माणसाला उठवू नये, कबूल. मग भुकेल्या माणसाला तासभर दारात उभं ठेवावं, हे कुठल्या घरात शिकवतात?

मटकीवाल्याची लेक

आमचं स्वतःचं छोटं दुकान आहे. नाव सांगणार नाही, इथे जाहिरात करायला आलेले नाही. दोघांनाही आतली बाजू माहीत नाही म्हणून लिहिते.

रविवारची मिसळ आमच्याकडे शुक्रवारी सुरू होते. शुक्रवारी सकाळी मटकी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात बांधायची. शनिवारभर मोड येतात. थंडीत येत नाहीत, तेव्हा पातेलं भट्टीच्या उबेला ठेवायचं. पावसाळ्यात उलटं, जरा जास्त वेळ राहिली की आंबूस वास येतो आणि सगळी टाकावी लागते. शनिवारी रात्री वाटण. रविवारी पहाटे चारला बाबा आणि मी दुकानात. आठला पहिलं गिऱ्हाईक, बाराला मटकी संपलेली. आठवड्याचा धंदा त्या चार तासांत.

आमच्या खुर्च्या ३२. माणूस पंचवीस मिनिटांत उठला तर चार तासांत नऊ पंगती होतात, म्हणजे २८८ मिसळी. चाळीस मिनिटं बसला तर सहा पंगती, १९२. फरक ९६ मिसळींचा. ११० रुपयांनी धरा, दहा हजारांच्या वर. महिन्यातले चार रविवार असे गेले तर भाडं कुठून द्यायचं? १९ किलोचा व्यावसायिक सिलेंडर घरगुती भावात मिळत नाही. वाढप्यांचे पगार, भांडी घासणाऱ्या मावशींचे पैसे त्याच गल्ल्यातून जातात.

म्हणून फडका मारणं बरोबर ठरत नाही. आम्ही मारत नाही. पण 'मालक हावरा' असं जे सरसकट म्हटलं जातं ते मला लागतं.

रंकाळ्याचा

मालकांचा विषय निघालाच आहे तर रश्श्याचं बोला. जागेचं काय घेऊन बसलाय! आमच्याकडं कोल्हापुरात कट, म्हणजे झणझणीत रस्सा, मागितला की वाढपी बादली घेऊन येतोय. पुण्यात आलो, दुसऱ्यांदा रस्सा मागितला तर बिलात वीस रुपये. सॅम्पलचे म्हणे! मिसळीत रश्श्याशिवाय आहे काय? भात देऊन वरणाचे वेगळे पैसे घ्याल का?

मटकीवाल्याची लेक

पहिली वाटी आम्ही अशीच देतो. दुसऱ्या वाटीपासून पैसे लावावे लागले, कारण सांगते. तर्री म्हणजे तेल. महाग तीच असते. लोक फक्त वरची तर्री मागतात, दोन घोट पितात, बाकी ताटलीत सोडतात. एका रविवारी आम्ही टाकलेला रस्सा मोजला होता. पंधरा लिटरचा डबा काठोकाठ भरला. त्या दिवशी बाबा काही बोलले नाहीत, नुसते डब्याकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी पाटी लागली.

रंकाळ्याचा

टाकणाऱ्याकडून घ्या की दंड. पिणाऱ्याला कशाला शिक्षा? आणि खरं कारण मी सांगतो, पुण्याच्या रश्श्यात दमच नाही. गोडा मसाला घालून आमटी करायची, खाली पोहे, बटाट्याची भाजी, वर फरसाण, आणि त्याला मिसळ म्हणायचं. कांदा-लसूण मसाल्याचा कट एकदा घशाखाली उतरला तर माणूस दुसरी वाटी जपून मागतोय, टाकत नाही.

नाशिककर, मुक्काम कोथरूड

कोल्हापूरकरांनी सुरू केलंच आहे तर आम्हालाही दोन ओळी द्या. काळ्या मसाल्याचा रस्सा, सोबत पापड, दही, नंतर जिलबी. नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला मळ्यातली ठिकाणं आहेत, झाडाखाली बसायचं, मुलं झोक्यावर. तिथे कोणाला उठवलेलं मी पाहिलं नाही. पण तिथे जागा आहे. पेठेतल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात झोका कुठे टांगणार? दुकानदारताईंचा हिशेब म्हणून मला पटतो.

शनवारातली

रंकाळ्याचा, तुम्हाला पुणेरी मिसळ आवडत नसेल तर खाऊ नका. पोहे आणि बटाट्याची भाजी घालतात कारण ती न्याहारी आहे, पोट भरायला हवं. गोडसर चव आमच्या आजीच्या आमटीची आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण मी माझ्या वडिलांच्या अपमानाबद्दल लिहिलं आणि तुम्ही चार तासांपासून वीस रुपयांचं रडगाणं लावलंय. काही वाटतं का?

रंकाळ्याचा

वीस रुपयांचं नाही ताई. पुण्यात माणसाला सगळीकडं मोजूनच मिळतंय, त्याचं आहे. वाटी मोजून, मिनिटं मोजून. तुमच्या वडिलांना उठवलं आणि मला रस्सा नाकारला, रोग एकच. ठिकठिकाणी पाट्या आहेतच की. 'एका मिसळीत दोघांनी खाऊ नये.' का खाऊ नये? नवीन नवीन नोकरी होती, बायको गरोदर, तिला चार घास हवे होते. एक मिसळ घेतली, जादा पाव घेतला. वाढपी सगळ्यांसमोर म्हणाला, "शेअरिंग चालत नाही." ती नको नको म्हणत असताना दुसरी मिसळ घ्यावी लागली. महिनाअखेर होती. कुठून आणले ते पैसे, मला माहीत. पोरगं आता नववीत आहे तरी विसरलेलो नाही.

शनवारातली

हे माहीत नव्हतं. 'रडगाणं' शब्द मागे घेते. रश्श्याबद्दलचं मत नाही घेत.

दहा नंबर टेबल

मी मूळचा बीडचा. स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत राहत होतो तेव्हा दोन वर्षं सकाळी अशाच एका ठिकाणी वाढपी होतो. ताई, तुमच्या बाबांसमोर ज्याने फडका फिरवला त्याच्या बाजूने बोलणारं इथे कोणी नाही, म्हणून मी बोलतो.

फडका पोऱ्याच्या मनाने फिरत नाही. गल्ल्यावरचा माणूस मान हलवतो. नाही फिरवला तर दुपारी बोलणी खायची. आम्हाला शिकवलंच होतं, आधी पाण्याचा ग्लास उचलायचा, मग बिल आणून ठेवायचं, तरी उठले नाहीत तर फडका. मी एका आजींसमोर फिरवला होता. त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं. आईच्या वयाच्या होत्या. त्या दिवशी मला अभ्यासाला बसवलं नाही.

गर्दी हाताळायला माणसं वाढवली तर फडका लागत नाही. दारात एक माणूस उभा करा, वही त्याच्या हातात द्या, टेबल रिकामं झाल्याशिवाय कोणाला आत सोडू नका. पण तो एक पगार वाचवायचा असतो. आमच्या बिलात सेवाशुल्क लावायचे, त्यातला रुपया आमच्यापर्यंत आला नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की ते बिलात आपोआप लावायचं नाही, ग्राहकाच्या मर्जीवर आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. लावलेलं दिसलं तर काढायला सांगा. आणि दहा रुपये द्यायचे असतील तर वाढप्याच्या हातात द्या, बडीशेपेच्या ताटलीत नको.

मटकीवाल्याची लेक

दारात माणूस ठेवणं आम्हाला परवडत नाही असं मी आता लिहिणारच होते. पण रविवारचे चार तास भाऊ उभा राहू शकतो. तो सध्या गल्ल्याशेजारी बसून मोबाईल बघतो. त्याच्याशी बोलते.

सेवाशुल्क आम्ही कधी लावलेलं नाही. ५ टक्के जीएसटी तेवढा असतो, तो सरकारजमा होतो. नोंद असावी.

भुकेला वाकडकर

दहा नंबर, तुमचं वाचून माझी पंचवीस मिनिटांची सूचना मागे घेतो. घड्याळ लावलं तर ते राबवायला तुमच्यासारख्या पोरालाच पुढे करतील, हे मी धरलं नव्हतं. आणि कवळीवाल्या माणसाला पंचवीस मिनिटं पुरत नाहीत, तेही खरं.

पण ताटली रिकामी झाल्यावर बसून राहणं चूक आहे, हे मी सोडणार नाही. ताटलीत घास असेपर्यंत टेबल तुमचं. घास संपला की टेबल पायरीवर उभ्या असलेल्याचं. शनवारातली, यावर 'हो' म्हणा आणि विषय मिटवा.

शनवारातली

मिटवा कसं म्हणता? पाणी प्यायला, गोळी घ्यायला, गुडघे धरून उठायला बाबांना पाच-सात मिनिटं लागतात. तेवढी धरूनच हो म्हणेन.

आणि खरं तेच लिहायचं तर, मागच्या दिवाळीत आम्ही चार मैत्रिणी एका उपाहारगृहात खाऊन झाल्यावर तासभर बसलो होतो. दारात कडेवर मूल घेतलेली एक बाई उभी होती. मला दिसत होती. वर्षाने भेटलो होतो म्हणून उठले नाही. आता तुमच्या आईचं वाचून ती आठवली. उठायला हवं होतं.

खुर्चीमागे उभं राहणाऱ्यांबद्दल मात्र कोणी काही बोललेलं नाही. मालक नाही, वाढपी नाही, ते तर आपल्यातलेच.

नाशिककर, मुक्काम कोथरूड

मी उभा राहिलोय. अनेकदा. मागे नाही राहिलो तर दुसरा येऊन बसतो, वही असली तरी. चूक आहे, पण एकट्याने सोडून काय होतं?

भुकेला वाकडकर

मीही राहिलोय. यापुढे नाही राहणार. आई सोबत असली तरी नाही.

मटकीवाल्याची लेक

शनवारातली, तुमच्या बाबांना बुधवारी घेऊन या. पत्ता निरोपात पाठवते. बुधवारी दहानंतर निम्म्या खुर्च्या मोकळ्या असतात. भिंतीकडची जागा देते, मागे कोणाला उभं राहताच येत नाही. किती वेळ लागेल तो लागू दे.

शनवारातली

विचारलं त्यांना. लगेच हो म्हणाले नाहीत. मग दहा मिनिटांनी आतल्या खोलीतून हाक मारून विचारलं, ब्रेड स्लाइस असतो की पाव? पावाचं वरचं साल त्यांना चावत नाही.

मटकीवाल्याची लेक

आमच्याकडे पाव असतो. बुधवारी स्लाइस आणून ठेवते.

रंकाळ्याचा

स्लाइसच पाहिजे. मिसळीला आमच्याकडं पहिल्यापासून ब्रेडच. आणि आजोबांना दुसरी वाटी द्याल तेव्हा पैसे लावू नका.