लीड्समधल्या स्कूटरवाल्यांना स्वतःची ओळख कशी करून द्यावी?

साताऱ्याचा_चेतक:
नमस्कार मंडळी. वय ३६, लीड्सला येऊन आठ महिने झाले. गेल्या महिन्यात इथेच एक जुनी बजाज चेतक घेतली, निळी. बाबांकडे अशीच होती; मी पुढे उभा, ताई मधे, आई मागे आडवी बसून, असे चौघं औंधच्या यात्रेला जायचो. इथल्या स्कूटरवाल्यांची दर गुरुवारी पबमध्ये बैठक असते. एकाने बोलावलंय, पण "आधी ग्रुपवर चार ओळी लिही" म्हणाला. तीनदा लिहून पुसलं. सगळे इटालियन व्हेस्पा-लॅम्ब्रेटावाले. आपली बजाज बघून हसतील असं वाटतं. "व्हेस्पासारखीच आहे" असं लिहू का? आणि लायसन अजून साताऱ्याचंच आहे, चालेल ना?

कोव्हेंट्रीची_आत्या:
धाकट्या भावाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करते. "व्हेस्पासारखी" अजिबात लिहू नकोस, सरळ बजाज म्हण. १९७१ पर्यंत बजाज पियाजिओच्या (व्हेस्पावाली इटालियन कंपनी) परवान्यावर व्हेस्पाच बनवायची, मग १९७२ला चेतक आली, हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त पाठ असतं. लॅम्ब्रेटा बनवणाऱ्या इटलीच्या इनोसेंटीची यंत्रं लखनौला गेली, तेव्हा त्या बैठकीतली एखादी लॅम्ब्रेटाही उत्तर प्रदेशचीच निघेल. बजाजला कुणी हसत नाही.

त्यांना धास्ती असते ती आपल्याकडून "नवीकोरी करून" आलेल्या स्कूटरची. वरून चकचकीत दोन रंग, खाली लांबी (पुट्टी) भरलेली, आणि इंजिनात तीन गाड्यांचे सुटे भाग. मी २०१६ला अशीच एक घेऊन फसले, पायाखालचा पत्रा बोटाने आत गेला! म्हणून फोटो टाकशील तर गाडी आडवी करून खालच्या बाजूचा टाक. गंज दिसू दे. गंज दाखवणाऱ्यावर तिथे पटकन विश्वास बसतो.

ब्रॅडफर्डकर:
लायसनचं आधी बघा, ओळख नंतर. भारतीय लायसन इथे रहिवासी झाल्यापासून १२ महिनेच चालतं, तेही त्यावर गिअरची मोटारसायकल असेल तर. म्हणजे तुमच्याकडे चार महिने उरले. नंतर नुसती सीबीटी (इथलं सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण) करून भागणार नाही, कारण ती १२५ सीसीपर्यंतच, एलची पाटी लावून. चेतक १४५ची. मी "बघू पुढे" करत बसलो आणि गाडी सात महिने शेडमध्ये. २४ वर्षांच्या वर आहात, थेट पूर्ण परीक्षा देता येते: थिअरी, मग प्रात्यक्षिकाचे दोन भाग. प्रोव्हिजनलसाठी, म्हणजे शिकाऊ लायसनसाठी, आजच अर्ज करा.

साताऱ्याचा_चेतक:
बाप रे, हे ठाऊकच नव्हतं. धन्यवाद दादा. आत्या, खालचा फोटो भीषण आहे हो.

कोव्हेंट्रीची_आत्या:
उत्तम. तोच टाक.

सदाशिवपेठी_प्लग:
पुण्यातून फुकटचा सल्ला. तिरकी करून किक मारायची सवय तिथे लपवू नका, दोन पिढ्यांनी सिद्ध केलेलं शास्त्र आहे ते.

ब्रॅडफर्डकर:
हे मात्र खरं 😄 आणि पेट्रोल: सप्टेंबर २०२१पासून इथलं साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं) झालंय, जुन्या रबरी सीलला ते सोसत नाही. सुपर घ्या, त्यात इथेनॉल कमी. आपल्याकडे पंपावरच टू-टी (पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) मिळायचं, इथे बाटली जवळ ठेवावी लागते. दोन टक्के धरा, ५ लिटरला १०० मिली.

साताऱ्याचा_चेतक:
मग हे कसं वाटतं? (मराठीत देतोय, तिकडे इंग्रजीत टाकेन.) "नमस्कार. माझ्याकडे बजाज चेतक आहे, वडील अशीच चालवायचे. प्लग आणि क्लचची केबल बदलता येते, त्यापुढे शिकायचंय. खालचा पत्रा कुजलाय, फोटो जोडला आहे. वेल्डिंग कुणाकडून करून घेऊ?"

कोव्हेंट्रीची_आत्या:
शेवटचा प्रश्न सगळ्यात छान. लोकांना काहीतरी सांगायला मिळालं की ते तुला आपला समजतात. वडिलांची ओळ वर घे. आणि औंधची यात्रा का गाळलीस? एका स्कूटरवर चौघं, हे त्यांनी पाहिलेलं नसतं.

साताऱ्याचा_चेतक:
टाकलं काल रात्री. सकाळपर्यंत अकरा उत्तरं. नऊ जण वेल्डिंगवरून आपसात भांडतायत, एकाने विचारलंय की आईची साडी चाकात कशी जात नव्हती. अकरावा म्हणतो, गुरुवारी गाडी घेऊनच ये, आम्ही आडवी करून बघतो.