झेब्रा फिंच: आईबाप दोन्ही ग्रे, मग दोन पिल्लं फॉन कशी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे झेब्रा फिंचची एकच जोडी आहे, नर ग्रे, मादीही ग्रे. पिंजऱ्यात दोघंच, म्हणजे दुसऱ्या नराचा प्रश्नच येत नाही. श्रावणात मडक्यात पाच अंडी घातली, पाचही फुटली. पिल्लं बाहेर आली तर तीन राखाडी आणि दोन दुधाच्या चहासारखी, म्हणजे फॉन! मला वाटलं खाण्यात काही कमी पडतंय, म्हणून राळ्यासोबत उकडलेलं अंडं सुरू केलं, समुद्रफेस नवा टांगला. रंगात काडीचा फरक नाही. आता अडीच महिन्यांची झालीत, काळ्या चोची केशरी झाल्या. राखाडीतल्या दोघांच्या गालावर नारिंगी डाग आलेत, म्हणजे ते नर, तिसरी मादी. चहाच्या रंगाच्या दोन्ही माद्याच आहेत, डोळ्याखालची रेघसुद्धा काळी नाही, तपकिरी. दुकानदार म्हणतो, उन्हाने रंग उडाला. मला ते पटत नाही.

मला फॉन नर हवाय. या बहिणींना भावांशीच लावलं तर चालेल का?

उत्तर १

ऊन नाही, तुमचा नर स्प्लिट आहे, म्हणजे दिसतो ग्रे पण फॉनचा जीन लपवून बाळगतो. फॉनचा जीन झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो आणि तो अप्रभावी आहे. पक्ष्यांत नराला दोन झेड, मादीला एक झेड आणि एक डब्ल्यू. नराच्या एका झेडवर फॉन असला तरी दुसरा झेड तो झाकतो, पक्षी ग्रेच दिसतो. मादीकडे झाकायला दुसरा झेडच नाही. म्हणून मादी कधी फॉनला स्प्लिट नसते, असते ती उघड असते. मुलीला झेड फक्त बापाकडून मिळतो, म्हणून तुमच्या फॉन दोन्ही माद्याच निघाल्या. या जोडीला कितीही पिल्लं झाली तरी फॉन नर होणार नाही.

भावाबहिणीची जोडी कृपा करून लावू नका. बाहेरून फॉन मादी आणा, नात्यातली नको, आणि ती बापाला लावा. निम्मी पिल्लं फॉन होतील, त्यांत नरही असतील.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार! मग त्या दोन ग्रे भावांत स्प्लिट कोण, हे बघून कळेल का?

उत्तर १

बघून नाही कळत. प्रत्येकाची शक्यता निम्मी-निम्मी. फॉन मादीशी लावून बघा: एकही पिल्लू फॉन झालं की तो स्प्लिट ठरला. ग्रे मादी लावलीत तर फक्त मुलींवरून कळेल, वेळ दुप्पट जातो. फॉन मादीपासून झालेल्या पाच पिल्लांत एकही फॉन नसेल तर तो स्प्लिट असण्याची शक्यता फारच कमी उरते, पण शून्य नाही, हे लक्षात ठेवा. जोडीची तारीख आणि पायातल्या रिंगचा नंबर वहीत लिहा, सहा महिन्यांनी कोण कुणाचं ते आठवत नाही.

उत्तर २

ताई/दादा, फॉन मादी आणताना एक बघा. घरात डोक्यावर तुरा असलेला नर असेल, तर मादी तुऱ्याची घेऊ नका. तुरा प्रभावी आहे, एका पालकाकडून आला तरी दिसतो. दोन्हींकडून आला तर पिल्लू वाचत नाही. माझ्या तुरेवाल्या जोडीची अंडी टॉर्चवर धरली की आत शिरा दिसायच्या, आणि चारातलं एखादं पिल्लू कवचातच मरायचं. तुरेवाल्याला साधी मादी लावली, तेव्हापासून तसं झालेलं नाही.