मोहोराआधी बाग देणं: उतावळेपणा की हिशोब?

राजापूरकर: दिवाळीच्या सुमारास व्यापारी येतो, आगाऊ रक्कम देतो आणि मोहोर यायच्या आधीच हापूसची बाग कराराने जाते. पुढे तोच आंबा वाशीला कितीला जातो ते बागायतदाराला ठाऊक असतं, तरी सही होतेच. 2004 साली मॅक्लूर, लेबसन, लोवेन्स्टाइन आणि कोहेन या संशोधकांनी एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कोणता भाग सक्रिय आहे ते दाखवणारा स्कॅन घेताना लोकांना विचारलं, थोडं आज घेता की काही आठवड्यांनी जास्त? ‘आज’चा पर्याय समोर असला की मेंदूतले भावनेशी आणि बक्षिसाशी जोडलेले भाग जास्त सक्रिय व्हायचे. रोख रकमेपुढे आपलंही असंच होतं. मोहोर दिसेपर्यंत करार करायचा नाही, असं गावाने ठरवावं.

गुहागरची वैशाली: स्कॅनवरून आम्हाला उतावळं ठरवू नका हो. 2007 मध्ये केबल आणि ग्लिमचर यांना दिसलं की मेंदूतले तसलेच भाग उशिरा मिळणाऱ्या पैशांचंही मोल धरतात, त्या माणसाला ते जेवढं वाटतं तेवढं. म्हणजे ‘आज’साठी वेगळा कप्पा असल्याचं त्यांना दिसलं नाही. आता आमचा हिशोब बघा. मोहोर येणार की पालवी फुटणार, कोणी सांगावं? वर अवकाळी पाऊस, तुडतुडे, थ्रिप्स म्हणजे फुलकिडे, फवारण्या, राखणीचे गडी. करार झाला की हे सगळं व्यापाऱ्याच्या माथी. कमी पैशांत जोखीम दिली, यात चुकलं काय?

राजापूरकर: जोखीम द्या, पण किती स्वस्तात? काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच मांडलं की तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा नुकसान जास्त बोचतं. एकदा मोहोर करपलेला पाहिला की माणूस पुढे कित्येक वर्षं त्याच भीतीने भाव सांगतो. व्यापाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

देवगडचा नंदू: आणि चणचण? 2013 मध्ये तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास छापून आला. तेच शेतकरी तोडणीआधी, हात तंग असताना, बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले आणि तोडणीनंतर सुधारले. पावसाळा संपेपर्यंत आमच्या घरात तशीच गत असते. पीककर्ज वेळेवर हातात पडू दे, मग सह्या किती होतात ते बघा.

वैशाली: अगदी. राजापूरकर, ज्या घरात फक्त म्हातारी माणसं उरलीत, त्यांची बाग मोहोर येईपर्यंत कोण सांभाळणार?

राजापूरकर: त्यांना सूट द्या. पण बाकीच्यांच्या करारात, वाशीचा भाव चढला तर वाढीव रकमेतला वाटा मालकाला मिळेल, असं कलम हवंच. ते मी सोडणार नाही.