जठरातील आम्लाला एवढीशी गोळी कशी पुरते?

प्रश्न

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि अँटासिडची गोळी त्याचे उदासिनीकरण करते, हे शाळेत शिकलो होतो. मात्र दिवसभरात दीड ते दोन लिटर जठररस स्रवतो असे वाचल्यापासून हिशेब जुळेनासा झाला आहे. एवढ्या रसापुढे अर्ध्या ग्रॅमची गोळी काय करणार? आणि तिने सगळे आम्ल संपवलेच, तर अन्न पचणार कसे? मला डॉक्टरांनी अँटासिडऐवजी जेवणाआधी घ्यायची ओमेप्राझोलची कॅप्सूल दिली आहे. तिचे काम कसे चालते, हेही कोणी समजावून सांगितले तर बरे होईल.

प्रतिसाद 1

दिवसभराचा सगळा रस एकाच वेळी जठरात साठलेला नसतो. उपाशीपोटी तो शंभर मिलिलिटरपेक्षा कमीच असतो. समजा, 1 सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितके आम्ल तीव्र आणि 7 म्हणजे उदासीन) असलेला 50 मिलिलिटर रस आहे. त्यात 5 मिलिमोल (मिलिमोल हे कणांच्या संख्येवरून पदार्थ मोजण्याचे एकक) आम्ल भरते आणि 500 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट 10 मिलिमोल आम्ल खपवू शकते, म्हणजे गोळी हिशेबाने पुरून उरते. शिवाय सामू 7 पर्यंत न्यावा लागतच नाही. हे मोजमाप दहाच्या पटीत चालत असल्यामुळे सामू 1 वरून 2 वर आला की नव्वद टक्के आम्ल निकाली निघालेले असते आणि 3 वर आला की नव्व्याण्णव टक्के. प्रथिने तोडणारे पेप्सिन हे विकर 2 च्या आसपास सर्वांत जोमाने काम करते आणि 4 च्या पुढे जवळजवळ थंडावते. जठररस वर चढल्यास अन्ननलिकेला इजा होते ती आम्ल आणि पेप्सिन या दोघांमुळे.

पचनाची काळजी नसावी. स्वादुपिंडातील विकरे प्रथिने तोडतातच आणि गोळीचा परिणामही अल्पकाळ टिकतो. उपाशीपोटी घेतली तर जठर तासाभराच्या आत ती पुढे ढकलून देते, जेवणानंतर घेतली तर परिणाम दोन-तीन तास राहतो.

प्रतिसाद 2

वरच्या उत्तराला एक पुरवणी जोडतो. अँटासिडमधला आम्लारी (आम्लाचे उदासिनीकरण करणारा पदार्थ) कोणता, याने बराच फरक पडतो. खाण्याचा सोडा झटकन काम करतो, पण एक ग्रॅम सोड्यातून सुमारे 300 मिलिलिटरपर्यंत कार्बन डायऑक्साइड निघू शकतो, म्हणून पोट फुगते आणि ढेकरा येतात. त्यातले सोडियम उच्च रक्तदाब असलेल्यांना त्रासदायक ठरते. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडने जुलाब होतात, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडने बद्धकोष्ठता, म्हणूनच पुष्कळशा पातळ अँटासिडमध्ये ही दोन्ही एकत्र असतात.

प्रतिसाद 3

कॅप्सूलचे काम अगदी वेगळे आहे आणि मला ते फार सुंदर वाटते. जठराच्या अस्तरातील विशिष्ट पेशींमध्ये प्रथिनांचे सूक्ष्म पंप असतात. ते ऊर्जा खर्च करून पोटॅशियमचे आयन आत घेतात आणि हायड्रोजनचे आयन बाहेर सोडतात. रक्ताचा सामू 7.4 आणि या पेशींनी सोडलेल्या रसाचा 1 च्याही खाली, म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहा लाख पटींहून अधिक तफावत हे पंप राखतात. त्यांना चालू करणारे संदेश तीन: ॲसिटिलकोलिन, गॅस्ट्रिन आणि हिस्टामिन. औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेले सिमेटिडिन हे औषध यांतला हिस्टामिनचा संदेश अडवते. 1988 च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता. ओमेप्राझोल थेट पंपच बंद पाडते.

गंमत अशी की, ओमेप्राझोल स्वतः आम्लात टिकत नाही. म्हणून त्याच्या कणांवर आवरण असते. ते आतड्यात विरघळते, औषध रक्तावाटे त्या पेशींपर्यंत पोहोचते आणि पंपाच्या तोंडाशी असलेल्या आम्लातच त्याचे सक्रिय रूप तयार होऊन पंपाला घट्ट चिकटते. चालू असलेलेच पंप असे अडकतात आणि जेवणामुळे ते चालू होतात, म्हणून कॅप्सूल अर्धा ते एक तास आधी घ्यायची. आतले कण चावू नयेत.

प्रश्नकर्ता

आता उलगडले, आभार. कॅप्सूलचा पूर्ण परिणाम दिसेपर्यंत मध्ये अँटासिड घेतले तर चालेल का?

प्रतिसाद 3

पूर्ण परिणामाला तीन ते पाच दिवस लागतात. तोवर अधूनमधून अँटासिड घेणे बहुधा चालते, तरी डॉक्टरांना विचारून घ्या. लोहाच्या गोळ्या, थायरॉइडचे औषध किंवा टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविके चालू असतील, तर अँटासिडमुळे त्यांचे शोषण घटते. त्यामुळे दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे लागते. आणि गिळताना अडकणे, डांबरासारखी काळी शौच किंवा कारण नसताना वजन घटणे, यांपैकी काहीही दिसले तर गोळ्यांवर वेळ न काढता लगेच तपासून घ्यावे.