मदत हवी आहे: न्यू प्लिमथचे दिवे, साबूंचा गुडघा आणि आठला झोपणारी लेक

लिंबूटिंबू_ऑकलंड

नमस्कार मंडळी, न्यूझीलंडमधे राहणारे किंवा इथे फिरून गेलेले कोणी आहेत का इथे, थोडी मदत हवी आहे.

आम्ही ऑकलंडला असतो, साबा आणि साबू (सासूबाई आणि सासरेबुवा, म्हणजे आमचे आई-बाबा) साताऱ्याहून आलेत, फेब्रुवारीपर्यंत आहेत. ऑकलंडमधलं जे काय बघण्यासारखं होतं ते पहिल्या तीन आठवड्यांतच उरकलं आणि आता बाबा रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन विचारतात "मग, आज काय?" आणि मला आणि नवऱ्याला आज काय म्हणजे ऑफिस असतं. तर माझ्या ऑफिसातल्या एकीने सांगितलं की न्यू प्लिमथला पुकेकुरा पार्क म्हणून मोठी बाग आहे आणि तिथे डिसेंबरच्या मध्यापासून पुढे जानेवारीत रोज रात्री झाडं, तलाव, पूल सगळं दिव्यांनी उजळतात, गाणीबिणी पण असतात आणि प्रवेश फुकट. फुकट हा शब्द आईंनी बरोब्बर ऐकला, आता जायचं हे ठरलंच आहे.

पण अडचणी बघा. बाबांचा गुडघा, सपाटीवर काठी घेऊन अर्धा तास चालतात, पायऱ्या उतरताना जीव वर येतो (त्यांचा नाही, आमचा). आईंना शुगर आहे त्यामुळे साडेसातला जेवण म्हणजे साडेसातलाच. लेक चार वर्षांची, आठला झोपते, नाही झोपली तर नऊला तिचा जो काय अवतार होतो तो शत्रूला पण दाखवू नये. आणि नवरा म्हणतोय दिवेच बघायचेत ना, मग पाच तास गाडी चालवून कशाला, मी घरातले सगळे लावतो.

तर प्रश्न असे की एक रात्र पुरे का दोन, किती वाजता पोचायचं, काठीवाल्या माणसाला कितपत जमेल, तिकडे शाकाहारी खायचं काय करायचं, आणि दिवसा त्या गावात करण्यासारखं काही आहे का की नुसतं मोटेलमधे बसायचं. एकतीस डिसेंबरला जावं का नंतर? आगाऊ धन्यवाद.

माजी_तारानाकीकर

आम्ही सहा वर्षं काढली आहेत त्या गावात, आता वेलिंग्टनला असतो पण अजून कोणी नाव काढलं की बरं वाटतं.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो कारण भारतातून आलेल्यांची इथेच फजिती होते. दिवे म्हटलं की आपल्या डोक्यात दिवाळी असते, सात वाजले की अंधार. इथे हा फेस्टिवल ऐन उन्हाळ्यात आहे, डिसेंबर-जानेवारीत सूर्य मावळतो पावणेनऊ-नऊला आणि खरा काळोख पडायला साडेनऊ होतात. आमच्याकडे पुण्याहून पाहुणे आले होते, सातला बागेत जाऊन नऊला परत आले आणि म्हणाले काही खास नाही हो, दिवे फिके वाटतात. अहो फिके वाटणारच, ऊन होतं!

त्यामुळे लेकीची आठची झोप विसरा. दुपारी दोन ते पाच सगळ्यांनी झोपा, आईबाबांनी पण. सहाला बागेत जा, जेवण बरोबर न्या, साडेसातला हिरवळीवर चादर टाकून जेवा म्हणजे शुगरचं गणित पण बसलं. मग उजेडात तलावाभोवती हळूहळू फिरा, काठीवाल्या माणसाला वाट कुठे कशी आहे ते उजेडात बघून ठेवलेलं फार बरं असतं. आणि अंधार पडला की तीच वाट परत. बाग दोन वेळा बघायची, एकदा उजेडात एकदा अंधारात, त्यातच मजा आहे. दिवे किती वाजता बंद होतात ते त्या वर्षीच्या वेळापत्रकात बघून घ्या, रात्रभर नसतात.

गुडघ्याबद्दल: बाग ५० हेक्टरच्या वर आहे, सगळी करायच्या फंदात पडू नका. मेन लेकच्या आसपास राहा, वाट बरी आहे, बसायला बाकं आहेत, टी हाऊस तिथेच. धबधब्याकडे आणि बागेच्या पलीकडच्या ब्रुकलँड्स भागाकडे जाणाऱ्या वाटांवर चढउतार आणि पायऱ्या आहेत, तिथे बाबांना नेऊ नका. आधी त्यांना गेटवर उतरवा मग पार्किंग शोधायला जा, आसपासच्या गल्ल्या रात्री गच्च भरतात. एक घडीची कॅम्पिंगची खुर्ची खांद्याला मारून न्याच.

एकतीसला नका जाऊ. गर्दी आणि मोटेलचे भाव दोन्ही आभाळाला. जानेवारीचा पहिला आठवडा संपताना जा, मधल्या वारी.

सिडनीचा_सोम्या

दिवेच बघायचे तर सिडनीला या की, विविडच्या (तिथला दिव्यांचा महोत्सव) वेळी ऑपेरा हाऊस बघाल तर डोळे दिपतील.

खडीसाखर

सोम्या अरे ते मे-जूनमधे असतं, थंडीत, सहाला अंधार. साबासाबू फेब्रुवारीत परत चाललेत. धागा वाचून प्रतिसाद द्यायची पद्धत आहे इथे ;)

लिंबूटिंबू, आम्ही हॅमिल्टनला असतो, गेल्या वर्षी आईला घेऊन गेलो होतो. रस्त्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. ऑकलंडहून साधारण ३६० किमी आहे, नकाशा पाच तासांच्या आत दाखवतो पण लहान मूल आणि म्हातारी माणसं असली की सात धरा. 'ते कुइती' गावाच्या पुढे आवाकिनोची घळ आणि मग माउंट मेसेंजरचा घाट, वळणंच वळणं, आमच्या पोराने बरोब्बर तिथेच उलटी केली. आलेपाक ठेवा जवळ, पिशव्या ठेवा, आणि पेट्रोल 'ते कुइती'लाच भरून घ्या. मोकाऊला समुद्र लागतो तिथे थांबून पाय मोकळे करा. वाइतोमोच्या काजव्यांच्या गुहा वाटेतच आहेत (काजवे म्हणजे आपल्यासारखे उडणारे नाहीत, छताला चिकटलेल्या अळ्या असतात त्या) पण तिथे पायऱ्या आहेत, बाबांचं बघा.

खाणं: गावात भारतीय हॉटेलं आहेत पण रात्री दिवे बघून साडेदहाला बाहेर पडल्यावर काहीही उघडं मिळेल अशा भ्रमात राहू नका. बागेत खायच्या गाड्या असतात कधीकधी, पण कट्टर शाकाहारी असाल तर चिप्स घेताना विचारा, बऱ्याच ठिकाणी मासा आणि बटाटा एकाच तेलात तळतात, आईला हे नंतर कळलं आणि तिने दोन दिवस पाणी पिताना पण संशयाने बघितलं. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे आणि दहीभात नेला होता. इथल्या मोटेलमधे बहुतेक वेळा छोटं किचन असतं, बुक करताना तेवढं बघा म्हणजे सकाळचा चहा आणि रात्रीची खिचडी सुटली.

आणि उन्हाळा आहे म्हणून फसू नका. रात्री तलावाजवळ चांगलंच गार होतं, वारा असला तर विचारूच नका. आईला स्वेटर, सॉक्स, बाबांना कानटोपी. हो, जानेवारीत उन्हाळ्यात कानटोपी.

लिंबूटिंबू_ऑकलंड

बापरे किती मस्त माहिती, दोघांनाही खूप धन्यवाद _/\_ साडेनऊचं तर डोक्यातच नव्हतं, मी आपली ७ ते ८ दिवे आणि ८:३० ला घरी असा प्लॅन करून बसले होते. नवऱ्याला दाखवला धागा, तो म्हणतोय बाबांना यायला लावायचं असेल तर दिव्यांचं सांगून उपयोग नाही, बाबांचा जीव क्रिकेटमधे.

शेवटचा_फलंदाज

काय सांगता! मग त्यांना सांगा की त्याच बागेत पुकेकुरा पार्कचं क्रिकेट मैदान आहे आणि तिथे १९९२ च्या वर्ल्ड कपची मॅच झाली आहे. २३ फेब्रुवारी १९९२, झिम्बाब्वे विरुद्ध श्रीलंका. अँडी फ्लॉवरची पहिलीच वनडे, नाबाद ११५, झिम्बाब्वे ३१२. आणि श्रीलंकेने ते चार चेंडू राखून काढले, रणतुंगा नाबाद ८८. वनडेमधे तीनशेच्या वर पाठलाग करून जिंकायची ती पहिलीच वेळ. आता टी-ट्वेंटीत पण दोनशे मारतात म्हणून पोरांना काही वाटत नाही, पण तेव्हा ३१३ म्हणजे काय होतं ते बाबांच्या वयाच्या माणसाला विचारा.

मैदान छोटं आहे आणि तीन बाजूंनी गवताच्या पायऱ्या पायऱ्यांची टेकडी, लोक त्या पायऱ्यांवर बसून मॅच बघतात. टीव्हीवर इथली देशांतर्गत टी-ट्वेंटी लागते तेव्हा बघा. बाबांना वर चढवू नका, खालूनच दाखवा.

माजी_तारानाकीकर

वा, हे छान आठवलं. दिवसा करण्यासारखं विचारलं होतं ते राहिलं.

ब्रुकलँड्समधे छोटं प्राणिसंग्रहालय आहे, फुकट, मीरकॅट आणि पाणमांजरं आहेत, लेकीची सकाळ जाते. तिथवर गाडीने जा, मेन लेककडून चालत नाही. बागेतच फर्नरी आहे ती दिवसाच बघा, टेकडीच्या पोटात खोदलेल्या बोगद्यांतून काचघरं जोडली आहेत, आत नेचे आणि ऑर्किडं. समुद्राकाठचा कोस्टल वॉकवे सपाट आहे, सगळा मिळून १३ किमीच्या आसपास, पण बाबांसाठी 'ते रेवा रेवा' नावाच्या पुलापर्यंत गाडीने जाऊन पाच मिनिटं चाललं तरी बास, हवा मोकळी असेल तर पुलाच्या कमानीतून समोर तारानाकी डोंगर दिसतो. २५१८ मीटर, एकटा उभा, टोकाला बर्फ. ढग असेल तर काहीच दिसत नाही आणि तिथे ढग बरेचदा असतो, तेवढी मनाची तयारी ठेवा.

आणि तलावावरच्या लाल पुलाला पोएट्स ब्रिज म्हणतात. आईंना विचारा कोणत्या कवीच्या नावाने असेल. पोएट हा घोडा होता! १८८४ चा किस्सा, एका माणसाने शर्यतीत त्या घोड्यावर पैसे जिंकले आणि त्यातून पूल बांधायला दिले.

दोन रात्री राहा. पाऊस पडला तर एक हातात राहते.

खडीसाखर

दोन रात्रींना +१. तारानाकीतला पाऊस सांगून येत नाही.

लिंबूटिंबू_ऑकलंड

मंडळी, जाऊन आलो! उशीर झाला लिहायला, आल्यापासून कपडेच धुतेय.

दोन रात्रींचा सल्ला ज्यांनी दिला त्यांना माझ्याकडून एक किलो चकली, कारण पहिल्या रात्री धो धो. मोटेलमधे खिचडी करून खाल्ली, पत्ते खेळलो, बाबा जिंकले. मोटेलबद्दल एवढंच म्हणेन की फोटोत किचन होतं आणि प्रत्यक्षात एक किटली आणि एक मायक्रोवेव्ह होता, खिचडी मायक्रोवेव्हमधे पाऊण तास चालली होती. फोनवर विचारून घ्या, फोटोवर विश्वास नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख. पुलावरून डोंगर दिसला, पूर्ण नाही, खालचा अर्धा ढगात आणि टोक वर तरंगल्यासारखं. दुपारी झोपायचं ठरलं होतं, सगळे झोपले फक्त जिने झोपायचं ती सोडून. त्यामुळे व्हायचं तेच झालं, सहाला बागेत गेलो, साडेसातला पुऱ्या खाल्ल्या, आठ चाळीसला लेक स्ट्रोलरमधे गाढ, एक दिवा लागलेला दिसायच्या आत. नवरा म्हणाला बघ, हिला घरचे दिवे पण चालले असते.

बाबांना आधी मैदान दाखवलं. शेवटचा_फलंदाज, तुमचा प्रतिसाद त्यांनी पाठ केला होता बहुतेक, काठी टेकून उभे राहिले आणि फ्लॉवरचे ११५ असे सांगत होते की जणू हे स्वतः अंपायर होते. मग "एवढंसं मैदान, इथे ३१३ म्हणजे त्यात काय" असं पण म्हणाले. पण तिथून हलेनात. वीस मिनिटं खुर्ची टाकून रिकामं मैदान बघत बसले होते. घडीची खुर्ची हा या धाग्यातला सगळ्यात भारी सल्ला.

मग साडेनऊ. खरं सांगते, मी पण मनातून नवऱ्याच्याच बाजूची होते, आपल्याकडे गणपतीत काय कमी लाइटिंग असतं का. पण इथे वेगळं आहे ते म्हणजे झाडं. दिवे खालून झाडांवर मारलेले आणि ती फर्नची झाडं, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच, वर छत्रीसारखी. आई तिथेच थांबल्या. म्हणाल्या आपल्याकडे महाबळेश्वरला नेचा असतो तो दगडाच्या फटीत वीतभर, आणि हा बघ, हा तर माड झालाय. दिव्यांचे बाकीचे प्रकार, रंग बदलणारे गोळे वगैरे, त्यांनी फारसे बघितले नाहीत, प्रत्येक नेच्याखाली जाऊन वर बघत होत्या. माझ्या फोनमधे आईंचे अंधारात वर बघतानाचे अकरा फोटो आहेत, सगळे हललेले.

लेक पावणेदहाला उठली, आपण कुठे आहोत ते तिला कळेना, समोर लाल पूल पाण्यात उलटा दिसत होता. आधी रडली. मग झोपायलाच तयार नव्हती, रात्री मोटेलवर एक वाजवला.

तळ्याजवळची वाट बाबांना जमली, फक्त एका ठिकाणी अंधारात उतार कळला नाही तिथे नवऱ्याने हात धरला. मोबाईलचा टॉर्च पुरत नाही, छोटी बॅटरी न्या. कानटोपी आईंनीच घातली शेवटी, बाबा नको नको म्हणाले आणि आता घरी सर्दी घेऊन बसलेत.

नवखा_क्राइस्टचर्च

धागा वर काढतोय. आम्ही १२ तारखेच्या आसपास जायचं म्हणतोय, दीड वर्षाचं पोर आहे, बाकी म्हातारं कोणी नाही. एवढ्या लांबून जाण्यात अर्थ आहे का?

लिंबूटिंबू_ऑकलंड

दीड वर्षाचं असेल तर ते झोपेलच, तुम्ही दोघं निवांत बघाल, उलट सोपं आहे. पण तुम्ही दुसऱ्या बेटावरून येणार म्हणजे विमान नाहीतर फेरी, तेव्हा नुसत्या दिव्यांसाठी नका येऊ, डोंगराला पण दोन दिवस द्या. आणि फेस्टिवलची शेवटची तारीख बुकिंगच्या आधी बघा. मायक्रोवेव्हमधल्या खिचडीची रेसिपी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते :)