विधी शाखेच्या विद्यार्थ्याने संदर्भ-सॉफ्टवेअर कधी हाती घ्यावे?

करवीर_विधी

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसू लागले आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग व कोल्हापूर या सहा जिल्ह्यांचे काम येथे आले. या मागणीसाठी वकिलांनी चार दशकांहून अधिक काळ लढा दिला. त्याचा खरा लाभ ज्यांना मिळायचा आहे, ती मुले आज येथील विधी महाविद्यालयांच्या वर्गांत बसली आहेत. उच्च न्यायालयापुढे उभे राहायचे तर दाखला, म्हणजे निवाड्याचा किंवा ग्रंथाचा नेमका संदर्भ, अचूक द्यावा लागतो, आणि ही सवय शेवटच्या वर्षात घाईघाईने लागत नाही. म्हणून पहिल्या सत्रापासूनच संदर्भ-व्यवस्थापनाचे, म्हणजे संदर्भ जमवून त्यांच्या तळटीपा तयार करणारे, सॉफ्टवेअर शिकवावे आणि ते झोटेरो असावे, असे माझे ठाम मत आहे.

झोटेरो २००६ साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झाले. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे. पुस्तकाचा आयएसबीएन किंवा लेखाचा डीओआय हा ओळख-क्रमांक टाकला की नोंद आपोआप तयार होते. वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये लिहिताना तळटीप तेथूनच घालता येते. आणि मार्गदर्शकांनी ऐनवेळी ब्लूबुक या अमेरिकी दाखला-शैलीऐवजी ऑस्कोला ही ब्रिटिश शैली मागितली, तर दोनशे तळटीपा हाताने बदलत बसावे लागत नाही. मूट कोर्टाचे (अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेचे) मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, लिहिणारा संघ एकच सामायिक संग्रह वापरू शकतो. फायलींसाठी मोफत जागा ३०० एमबीच मिळते हे खरे, पण नुसत्या नोंदींना ती मर्यादा लागू नाही.

न्यायनिवाडे शोधण्यासाठीही आरंभी पैसे मोजण्याची गरज नाही. इंडियन कानून हे निवाड्यांचे संकेतस्थळ २००८ पासून सर्वांना खुले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ई-एससीआर सुरू करून आपल्या अधिकृत निवाडासंग्रहातील सुमारे ३४,००० निवाडे मोफत उपलब्ध केले. शाहूवाडी किंवा चंदगडहून येऊन खोली घेऊन राहणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोठी आहे.

आणखी एक कारण आजच्या काळाचे आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण खुनाच्या गुन्ह्यावरील बहुतेक महत्त्वाचे निवाडे जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ खालचे आहेत आणि आता ते नव्या संहितेच्या कलम १०३ संदर्भात वाचावे लागतात. आपल्या संग्रहातील प्रत्येक निवाड्याला दोन्ही कलमांचा टॅग लावणारा विद्यार्थी पुढची वीस वर्षे स्वतःच्या संग्रहावर काम करू शकेल.

जुना_बार

आपला हेतू चांगला आहे, परंतु क्रम मला मान्य नाही. एक उदाहरण घ्या. आणीबाणीतील स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही असे ठरवणारा एडीएम जबलपूर हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ चा निवाडा कोणत्याही विद्यार्थ्याने झोटेरोत भरला, तर सॉफ्टवेअर त्याची तळटीप नीट, स्वच्छ, स्वल्पविरामासह छापून देईल. पण २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्कावरील पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निवाडा रद्दबातल ठरवला, हे ते सांगणार नाही. मागे घेतलेल्या वैज्ञानिक शोधनिबंधांबाबत झोटेरो वापरणाऱ्याला सावध करते. रद्द ठरलेल्या निवाड्यांसाठी तशी कोणतीही सोय त्यात नाही. वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याला जे संरक्षण मिळते, ते आपल्या विद्यार्थ्याला मिळत नाही, आणि सुबक तळटीप पाहून तो निर्धास्त होतो. मला भीती वाटते ती याच निर्धास्तपणाची.

दुसरे असे की या सॉफ्टवेअरमधील प्रचलित शैली परदेशी न्यायालयांच्या दाखल्यांसाठी घडलेल्या आहेत. अमेरिकी पद्धतीत खंड, मालिका (निवाडे छापणारी ग्रंथमाला) आणि पान असा क्रम असतो. आपल्याकडे ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ यात मालिका आधी येते, मग वर्ष, मग न्यायालय आणि शेवटी पान. हा केशवानंद भारती निवाड्याचा दाखला; त्याच निवाड्याचा एससीसी या दुसऱ्या मालिकेतील ‘(१९७३) ४ एससीसी २२५’ हा समांतर दाखला लिहायला तर स्वतंत्र रकानाच नाही. म्हणजे विद्यार्थी आधी सॉफ्टवेअर शिकणार आणि नंतर सॉफ्टवेअरच्या चुका हाताने दुरुस्त करणार. ज्याला मुळात बरोबर काय ते ठाऊक नाही, तो दुरुस्त तरी काय करणार?

ऑफिसमध्ये येणाऱ्या ज्युनिअरला मी पहिले काही महिने निवाड्यांचे बांधीव रिपोर्टच वाचायला देतो. हेडनोट, म्हणजे संपादकांनी निवाड्याच्या वर दिलेला सारांश, हा निवाडा नव्हे, हे त्याशिवाय कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या प्रकरणात निवाड्याचा मूळ मजकूर आणि संपादकांनी केलेली परिच्छेदांची विभागणी व क्रमांक यांत स्पष्ट फरक केला. त्यामुळे एका मालिकेतील ‘पॅरा ३५’ दुसऱ्या मालिकेत तोच असेल याची हमी नाही. हे हाताने पाने उलटून एकदा समजले की आयुष्यभर लक्षात राहते. माझे म्हणणे इतकेच की पहिली दोन वर्षे ग्रंथालय आणि सॉफ्टवेअर तिसऱ्या वर्षी.

तिसरे_वर्ष

वकीलसाहेब, आदराने लिहितो, पण आमच्या वर्गातील बहुतेकांना मेमोरियल पहिल्याच वर्षी लिहावे लागते. ग्रंथालय संध्याकाळी बंद होते आणि आमचे काम त्यानंतर सुरू होते. आज अनेक जण दाखले थेट चॅटजीपीटीला विचारतात, कारण दुसरे काही त्यांना कोणी शिकवलेले नाही. आम्हाला दोन वर्षे थांबायला सांगणे म्हणजे तिकडेच पाठवणे होय.

जुना_बार

तुमचा मुद्दा गंभीर आहे. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली माटा विरुद्ध एव्हियांका या प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. मूळ निवाडा उघडून वाचल्याशिवाय एकही दाखला लिहायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगायला हवा. त्यासाठी मात्र सॉफ्टवेअर लागत नाही.

ग्रंथ_सेवक

ग्रंथालयात काम करणारी व्यक्ती म्हणून मला दोन्ही बाजूंना काही सांगायचे आहे. निवाडा आजही ग्राह्य आहे की नाही, हा वकीलसाहेबांचा प्रश्न झोटेरोही सोडवत नाही आणि एकटा बांधीव खंडही सोडवत नाही. १९७६ चा खंड २०१७ बद्दल काय सांगणार? ते काम एससीसी ऑनलाइन, मनुपत्र यांसारख्या सशुल्क संग्रहांतील पुढील निवाड्यांच्या नोंदी करतात. म्हणून विद्यार्थ्याने स्वतः वर्गणी भरू नये, पण महाविद्यालयाने ती जरूर भरावी आणि ग्रंथालयाबाहेरूनही प्रवेश मिळेल अशी व्यवस्था मागून घ्यावी. फक्त मोफत साधनांवर भिस्त ठेवा, असे सांगणे मला धोक्याचे वाटते.

परिच्छेद-क्रमांकांची अडचण मात्र हळूहळू कमी होईल. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालय ‘आयएनएससी’ हा स्वतःचा तटस्थ दाखला देऊ लागले आहे आणि तो कोणत्याही प्रकाशकाच्या खंडावर अवलंबून नाही. विद्यार्थ्यांनी नव्या निवाड्यांसाठी तो आधी लिहावा आणि मालिकेचा दाखला त्यानंतर.

पुरालेख_वाचक

या चर्चेत मराठी साधनांचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. मी करवीर (कोल्हापूर) संस्थानातील कायद्यांवर संशोधन करते. राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा, मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारा आदेश करवीर सरकारच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला. आरक्षणाच्या कायद्यावर लिहिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचा दाखला द्यावा लागतो, आणि मी पाहिलेल्या बहुतेक प्रबंधांत तो दुसऱ्याच्या पुस्तकावरून उचललेला असतो. तो कोणत्याही आयएसबीएनने आपोआप येत नाही. पुरालेखागारातील दप्तर, रुमाल (कागदांचे गठ्ठे), कागदाचा क्रमांक हे सर्व हाताने भरावे लागते. शिवाय इंग्रजी शैली निवडली की मराठी प्रबंधात ‘तत्रैव’ (आधीच्याच संदर्भात) याऐवजी इंग्रजी ‘इबिड’ उमटते.

तरीही मी करवीर_विधी यांच्या बाजूने आहे, मात्र त्यांच्या कारणांसाठी नव्हे. पुस्तकाची नोंद आपोआप होते, यात माझ्या दृष्टीने फारसे काही नाही. पुरालेखागारात एकदा पाहिलेला कागद पुन्हा मिळेलच असे नसते. त्याच वेळी त्याचे छायाचित्र, क्रमांक आणि स्वतःचे टिपण एकत्र जोडून ठेवले नाही, तर वर्षभराने तो दाखला निरुपयोगी होतो. हाताने नोंद भरताना प्रत्येक रकाना विचारतो की हे कोणी काढले, कधी, कुठे प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पुराव्याचा कायदा समजण्यापूर्वीच पुराव्याची शिस्त येथे लागते.

करवीर_विधी

ताईंचे शेवटचे कारण माझ्या कारणांपेक्षा भक्कम आहे, आणि त्यामुळे माझी सूचना मी अधिक नेमकी करतो. निवाड्याची नोंद विद्यार्थ्याने पहिले वर्षभर हातानेच भरावी. झोटेरोत निवाड्यासाठी ‘हिस्टरी’ हा रकाना आहे. तो रिकामा असलेली नोंद शिक्षकांनी स्वीकारूच नये. निवाडा पुढे कायम झाला, मर्यादित झाला की रद्द ठरला, हे ग्रंथालयातील सशुल्क संग्रहात पाहून त्यात तारखेसह लिहावे. समांतर दाखल्यासाठी ‘एक्स्ट्रा’ हा रकाना वापरता येतो, पण तो तळटीपेत हवा तसा येत नाही आणि तेवढा भाग हाताने जोडावा लागतो, हा आक्षेप मी मान्य करतो.

दोन वर्षे थांबणे मात्र मला पटत नाही. जी सवय दोन वर्षे कागदाच्या सुट्या चिठ्ठ्यांवर गेली, ती तिसऱ्या वर्षी मोडून नवी लावणे कोणत्याही मुलाला जड जाते.

जुना_बार

‘हिस्टरी’च्या रकान्याची अट घातली, तर माझा निम्मा विरोध संपतो. उरलेल्या निम्म्यावर मी ठाम आहे: ज्या निवाड्याची नोंद विद्यार्थी करील, त्याचे निदान निर्णायक परिच्छेद त्याने स्वतः वाचून त्यांचा सारांश मराठीत, आपल्या शब्दांत, त्याच नोंदीखाली लिहिलेला असावा. असा सारांश नसलेल्या पन्नास नोंदी घेऊन कोणी माझ्याकडे आला, तर ऑफिसमधील पहिले काम म्हणून मी त्याला त्या पन्नासही निवाड्यांचे सारांश लिहायला बसवीन.